दिनविशेष लिहिताय? या चुका टाळा

शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्वांतेस एकाच दिवशी गेले, २३ एप्रिल १६१६ला, हे वाक्य दर एप्रिलमध्ये फिरतं. तारीख एक, दिवस मात्र वेगळे. स्पेनने १५८२मध्येच आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं. इंग्लंड १७५२पर्यंत जुन्या ज्युलियनवरच होतं. शेक्सपिअर गेला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे होता. त्यातून सर्वांतेस बहुधा २२लाच गेला. २३ ही दफनाची नोंद.

एकाच घटनेच्या दोन तारखा सापडल्या, की आधी वजाबाकी करा. फरक १० ते १३ दिवसांचा असेल तर संशय कॅलेंडरवर घ्या. हा फरक सतराव्या शतकात १०, अठराव्यात ११, एकोणिसाव्यात १२ आणि विसाव्यात १३ दिवसांचा. रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ म्हणूनच कुठे २५ ऑक्टोबर १९१७ला, तर कुठे ७ नोव्हेंबरला दिसते. काही याद्यांत ती दोन्हीकडे असते, म्हणजे लेनिनने वर्षात दोनदा सत्ता घेतली!

फरक एकाच दिवसाचा असेल तर घड्याळ बघा. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा हवाईत ७ डिसेंबर १९४१ची सकाळ होती, टोकियोत ८ तारीख लागली होती. अशा वेळी घटना घडली तिथली तारीख धरावी. चंद्रावर ही सोय नाही. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ची रात्र होती, ग्रीनिचच्या वेळेनुसार २१ जुलै. कोणती वेळ धरली ते लिहा, वाद मिटतो.

दोन्ही हिशेबांत बसत नसेल तर बहुतेक घटनेचे टप्पे मिसळलेले असतात. अमेरिकेत स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ला झाला, जाहीरनामा ४ जुलैला संमत झाला, बहुतेक सह्या २ ऑगस्टला. ‘४ जुलैला सह्या झाल्या’ असं लिहू नका.

तारखा जुळल्या म्हणून लगेच ‘अजब योगायोग’ही नको. जर्मनीत ९ नोव्हेंबरला १९२३मध्ये हिटलरचा उठाव फसला आणि १९३८मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले. नाझी नेते त्या रात्री म्युनिकमध्ये जमले होते ते त्या उठावाच्याच स्मरणदिनासाठी, आणि गोबेल्सचं चिथावणीखोर भाषणही तिथेच झालं. १९८९मध्ये बर्लिनची भिंत याच तारखेला खुली झाली, तो मात्र खरा योगायोग. पूर्व जर्मनीतून बाहेर जाण्याचे नवे नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते, पत्रकारांनी ‘कधीपासून?’ विचारल्यावर तिथल्या सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता शाबोव्स्की कागद चाळत ‘ताबडतोब’ म्हणून गेला.