टी-शर्टचा ब्रँड काढताय? मग प्रिंटिंग असं निवडा

शिवजयंती नाहीतर गणपती जवळ आले की कोल्हापुरात मंडळांच्या टी-शर्टची झुंबड उडते, त्यामुळं प्रिंटिंगवाला शोधायला लांब जायला लागत नाही. अडचण एवढीच की हल्ली जो तो 'आमची शाई इकोफ्रेंडली हाय' म्हणतो. माझं मत विचाराल तर पद्धत सगळ्यात शेवटी ठरवा, आधी कापड कुठलं आणि नग किती ते नक्की करा, कारण खरा हिशोब तिथंच लागतो.

कापडाचं बघा. आपल्याकडं मिळणारे बरेचसे कोरे टी-शर्ट तिरुपूरचे. तिथल्या डाईंग युनिटनी नोय्याल नदीची इतकी वाट लावली की 2011 मध्ये मद्रास हायकोर्टानं युनिट बंद करायचा आदेश दिला. आणि लांब कशाला जायचं, इचलकरंजीतल्या कापड प्रोसेस करणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याचा आणि पंचगंगेचा विषय आपल्याला नवीन आहे का. म्हणजे छातीवरच्या चार इंची डिझाईनच्या शाईपेक्षा अख्खा टी-शर्ट काळाकुट्ट रंगवायला पाणी, मीठ आणि केमिकल कितीतरी जास्त लागतं. म्हणून पहिलं कलेक्शन ऑफ-व्हाईट किंवा फिक्या रंगात काढा. यात अजून एक फायदा आहे, गडद कापडावर रंग उठावा म्हणून खाली पांढऱ्या शाईचा थर द्यायला लागतो, फिक्या कापडावर तो थरच वाचतो, प्रिंट हाताला मऊ लागतं आणि खर्चही कमी.

आता नग. एका डिझाईनचे पन्नासच्या वर काढणार असाल आणि रंग एक-दोनच असतील तर डोळे झाकून वॉटर-बेस्ड, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शाईचं, स्क्रीन प्रिंटिंग. यात जाळीच्या चौकटीतून, म्हणजे स्क्रीनमधून, शाई कापडावर दाबतात. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन करायला लागते, त्यामुळं सात रंगांचं डिझाईन घेऊन गेलात तर स्क्रीन, शाई, धुण्याचं पाणी सगळंच वाढणार. प्लास्टिसोल शाई शक्यतो नको, ती पीव्हीसी प्लास्टिकची असते आणि मऊ राहावी म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, पूर्वी त्यात थॅलेट नावाची शरीराला घातक मानली जाणारी केमिकल सर्रास असायची. प्रिंटरला प्लास्टिसोल आवडतं कारण ते स्क्रीनमध्ये वाळत नाही. वॉटर-बेस्ड शाई एप्रिल-मेच्या उन्हात जाळीतच सुकते, मग तो वैतागतो आणि गपचूप दुसरा डबा उघडतो, म्हणून पहिल्या लॉटला स्वतः जाऊन उभं राहा. शाईच्या डब्याचा फोटो काढून घ्या, आणि पेस्ट घट्ट करायला काय घालता तेही विचारा, कारण पिगमेंट प्रिंटिंगच्या जुन्या पद्धतीत त्यासाठी चक्क रॉकेल वापरायचे. त्याऐवजी सिंथेटिक थिकनर (घट्ट करायचं तयार केमिकल) असेल तर ठीक.

क्युअरिंग, म्हणजे उष्णता देऊन शाई पक्की करणं, मात्र सोडू नका! बहुतेक वॉटर-बेस्ड शायांना 150-160 डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, नेमका आकडा शाईच्या माहितीपत्रकावर असतो. नुसतं दोरीवर वाळवून दिलेला माल, त्यातही जुलै-ऑगस्टच्या आपल्या दमट हवेत, दोन धुण्यात फिका पडतो, आणि चार महिन्यांत फेकला गेलेला टी-शर्ट कुठल्याही शाईनं इकोफ्रेंडली होत नाही.

डिस्चार्ज प्रिंटची, म्हणजे कापडाचाच रंग काढून केलेल्या डिझाईनची, भुरळ पडेल, हात लावला तर प्रिंट आहे हे कळतसुद्धा नाही. पण कापडाचा रंग काढायला त्यात जे केमिकल असतं त्यातून फॉर्मल्डिहाईड हा घातक वायू सुटतो. मी तरी टाळेन, लहान मुलांच्या कपड्यांना तर नकोच.

ऑर्डर येईल तसे पाच-दहा नग काढायचे असतील तर डीटीजी बघा, म्हणजे प्रिंटरनं थेट कापडावर छापायची पद्धत. कॉटनवर वॉटर-बेस्ड शाई, स्क्रीन नाही, आणि मुख्य म्हणजे गोडाऊनमध्ये न खपलेला माल पडून राहत नाही. फक्त गडद कापडाला प्रीट्रीटमेंटचा फवारा लागतो. डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर गरम दाबून चिकटवायचं, हल्ली गल्लोगल्ली झालंय, स्वस्त आहे हे खरं, पण प्रत्येक डिझाईनमागं प्लास्टिकची फिल्म कचऱ्यात जाते आणि कापडावर गोंदाच्या पावडरचा थर बसतो. अख्ख्या छातीवर नको, छोट्या लोगोपुरतं चालवून घ्या. सब्लिमेशनला (उष्णतेनं कागदावरचा रंग कापडात उतरवायच्या पद्धतीला) पाणी जवळजवळ लागत नाही, पण ते पॉलिस्टरचं काम, तालमींच्या फुटबॉल जर्सीला भारी, कॉटनला उपयोग नाही. ब्लॉक प्रिंट कुर्त्यांना चांगलं, टी-शर्टच्या होजिअरीवर कापड ताणलं जातं.

सॅम्पल घरी आणून प्रिंटवर साधा कागद ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. प्लास्टिसोल असेल तर मऊ पडून कागदाला चिकटायला लागतं. मग ओलं पांढरं फडकं घासा, रंग उतरला तर क्युअरिंग कच्चं. कारखान्यात गेलात की स्क्रीन धुतात ती मोरी बघून या. उरलेली पेस्ट खरवडून परत डब्यात घेतात की सगळी तशीच गटारात सोडतात, हे बघितलं की त्या मालकाचं इकोफ्रेंडली किती खरं ते दोन मिनिटांत कळतं.

आणि टॅगवर काय लिहिताय ते जपून. जीओटीएस (ऑरगॅनिक कापडासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) सर्टिफिकेटवाला कोरा टी-शर्ट आणला आणि सर्टिफिकेट नसलेल्या ठिकाणी छापला, तर तयार मालावर जीओटीएसचा लोगो लावता येत नाही, साखळीतला प्रत्येक टप्पा सर्टिफाईड लागतो. त्यापेक्षा सरळ लिहा: ऑरगॅनिक कॉटन, पीव्हीसी नसलेली वॉटर-बेस्ड शाई, उलटा करून गार पाण्यात धुवा.