डब्ल्यूपीएफमध्ये व्हिजिबिलिटी बाइंड करताय? या चुका टाळा

‘बटण लपतच नाही’ म्हणत कोणी आलं की मी आधी विचारतो, व्हिज्युअल स्टुडिओची आउटपुट विंडो बघितलीस का? बहुतेकांनी बघितलेली नसते. डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज अ‍ॅपचे स्क्रीन बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) बाइंडिंगचा, म्हणजे स्क्रीनवरची गोष्ट डेटाला जोडणाऱ्या दुव्याचा, पाथ चुकला तर अ‍ॅप कोसळत नाही, ‘एरर 40’ची एक ओळ तिथे निमूट पडते आणि बटण मुळात जसं असतं तसं, म्हणजे दिसतच राहतं. म्हणून मी फॉलबॅकव्हॅल्यू (बाइंडिंग फसलं तर वापरायची किंमत) कायम कोलॅप्स्ड, म्हणजे लपलेली, लिहितो.

आता माझं खरं दुखणं. एका प्रोजेक्टमध्ये सेव्ह करताना फिरणारं चक्र मध्येच कायमचं गायब व्हायचं. दोन दिवस व्ह्यूमॉडेल (स्क्रीनला डेटा पुरवणारा क्लास) उसवलं. प्रॉपर्टी बदलत होती, बदल कळवणारा प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंटही उडत होता. आमच्याकडे सगळं सुरळीत, तक्रारी फक्त वापरणाऱ्यांच्या. शेवटी सापडलं: सेव्ह फसलं की चक्र थांबावं म्हणून कोणीतरी कोडबिहाइंडमध्ये (स्क्रीनच्या फाइलमागच्या कोडमध्ये) थेट व्हिजिबिलिटी कोलॅप्स्ड केली होती. वनवे (डेटाकडून स्क्रीनकडे, एकाच दिशेचं) बाइंडिंग असलेल्या प्रॉपर्टीत अशी थेट किंमत भरली की बाइंडिंगच पुसलं जातं, आणि त्याची एरर कुठेही येत नाही. आमच्या मशीनवर सेव्ह कधी फसतच नव्हतं, मग दिसणार कसं? ‘एकच तर ओळ आहे’ हे वाक्य ऐकलं की तेव्हापासून माझं डोकं उठतं. दिसायचं की नाही हे ठरवणारा फ्लॅग व्ह्यूमॉडेलमध्येच बदला. अगदीच नाइलाज असेल तर सेटकरंटव्हॅल्यू वापरा, त्याने बाइंडिंग टिकतं. असला बग आला की मी आधी कोडबिहाइंडमध्ये ‘व्हिजिबिलिटी’ शोधतो, बाकी सगळं नंतर.

याच जातीची दुसरी चूक: स्टाइलमध्ये डेटाट्रिगर (डेटा बघून किंमत बदलणारा नियम) लिहायचा आणि टॅगवरही व्हिजिबिलिटी लिहून ठेवायची. टॅगवरची किंमत ट्रिगरला भारी पडते. सुरुवातीची किंमत स्टाइलच्या सेटरमध्ये टाका.

डेटाग्रिडचा कॉलम लपवायचाय? कॉलम व्हिज्युअल ट्रीमध्ये (स्क्रीनवरच्या घटकांच्या उतरंडीत) नसतो, त्याला डेटाकॉन्टेक्स्ट (बाइंडिंग जिथून डेटा घेतं तो ऑब्जेक्ट) मिळत नाही. तिथे रिलेटिव्हसोर्सचे (आसपासच्या घटकांतून डेटा शोधायचे) नाना प्रकार चिकटवत बसू नका. फ्रीझेबल क्लासवरून छोटा प्रॉक्सी (डेटाकॉन्टेक्स्ट पोचवणारा मधला ऑब्जेक्ट) करून रिसोर्समध्ये ठेवा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण तेवढाही धीर कोणाला नसतो.

हिडन जागा अडवून ठेवतं, कोलॅप्स्ड सोडतं.

ट्रू-फॉल्सची व्हिजिबिलिटी करून देणारा तयार बूलियनटूव्हिजिबिलिटीकन्व्हर्टर कन्व्हर्टरपॅरामीटरकडे ढुंकूनही बघत नाही. तिथे ‘इन्व्हर्ट’ लिहून काही उलटत नाही, उलटा कन्व्हर्टर स्वतःच लिहावा लागतो.