इंदूरच्या स्वयंपाकघरातली पन्नी कमी कशी करावी

ओला, सुका, प्लास्टिक असा कचरा वेगळा करून गाडीत टाकायची सवय इंदूरकरांच्या अंगवळणी पडली आहे. पण वेगळी टाकली तरी पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पातळ पिशवी, घरात आलेली असतेच. ती दारातच अडवायची तर आधी आठ दिवस स्वयंपाकघरातलं सगळं प्लास्टिक एका पिशवीत साठवा. मग जमिनीवर ओतून ढीग लावा: भाजीच्या पन्न्या, दुधाच्या थैल्या, शेव-नमकीन, किराणा. जो ढीग मोठा, त्याला आधी हात घाला. बहुतेक घरांत तो भाजीचाच निघतो.

भाजीसाठी जुन्या सुती साडीच्या पाच-सहा पिशव्या शिवा. 13 इंच रुंद, 34 इंच लांब तुकडा मधोमध दुमडा, दोन्ही बाजूंना अर्धा इंच शिवण घाला, वर एक इंच दुमडून नाडी ओवा. कडा आत दाबून शिवा, नाहीतर दोन धुण्यांत सुतं निघतात. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर 31 डिसेंबर 2022पासून बंदी आहे, तरी ठेल्यावर त्या मिळतातच. तेव्हा भाजीवाल्याचा हात पन्नीकडे जायच्या आत आपली पिशवी पुढे करा.

खरी अडचण येते फ्रिजमध्ये. तिथली हवा कोरडी. कापडी पिशवीतली मेथी दुसऱ्याच दिवशी मान टाकते आणि लोक पुन्हा पन्नीकडे वळतात. यावर उपाय एकच नाही. मेथी, पालक, कोथिंबीर निवडा, पण धुऊ नका. कोरड्या कापडात गुंडाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा ओल धरतो, कापड जास्तीचं पाणी शोषतं. कापड चिंब झालं की बदला, नाहीतर पानं काळी पडून सडतात. गाजरं पाण्यात बुडवून ठेवा, दोन दिवसांनी पाणी बदला. भेंडी मात्र अगदी कोरडी हवी, ओली राहिली की चिकट होते.

दुधाची थैली कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. सुटा तुकडा इतका बारीक असतो की तो कुठल्याच ढिगात सापडत नाही. थैली विसळून उलटी वाळवा. विसळलेलं पाणी कणकेत चालतं.

शेवेसाठी घट्ट झाकणाचा डबा न्या आणि आधी रिकाम्या डब्याचं वजन करून घ्या. पावसाळ्यात पावशेरच आणा, जास्त आणली की सादळते.

किराण्याचं सोपं आहे: सुट्या डाळी-तांदूळ कापडी पिशवीत, तेल डब्यात.

ओल्या कचऱ्याच्या डब्याला पन्नी लावू नका. हा कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून इंधनाचा गॅस बनवणाऱ्या) प्रकल्पात जातो. 2022 साली सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टनांची होती. तिथे पन्नी पुन्हा निवडून काढावी लागते. तळाला वर्तमानपत्राची दुहेरी घडी घाला आणि चहाचा चोथा, भाताची पेज आधी गाळणीवर निथळू द्या. पाणी साचलं की कागद फाटतो, वास सुटतो.