पाळीव पक्ष्यांत नवा विषाणू शोधताय? या चुका टाळा

पक्षीघरात पटापट मरतूक सुरू झाली, तर नव्या विषाणूच्या मागे लागूच नका. आधी बर्ड फ्लू आणि राणीखेत (पक्ष्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूरोग) तपासा. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 मध्ये आपल्याच नाशिक विभागात, नवापूरला सापडला होता. अशा वेळी पक्षी कापायचा नाही, पशुसंवर्धन विभागाला कळवायचं.

ती शंका फिटली की पहिला शत्रू ऊन. एप्रिलात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. पहाटे मेलेला बजरीगर (छोटा पाळीव पोपट) दुपारपर्यंत पिंजऱ्यात राहिला, तर आतडी लिबलिबीत होतात आणि आरएनए (अनेक विषाणूंचा जनुकीय मजकूर असतो तो) तर त्याआधीच गेलेला असतो. पक्षी साबणाच्या पाण्यात भिजवा, म्हणजे पिसांत कोंडलेली हवा निघून तो लवकर गार होतो. मग दोन पिशव्यांत बांधून फ्रीजमध्ये, 4 अंशांवर. डीप फ्रीझर नको. बर्फाने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही उमगत नाही. कापताना यकृत, प्लीहा आणि जठराचे तुकडे दोन वाटांनी पाठवा: सूक्ष्मदर्शकासाठी काही 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, जनुकीय तपासणीसाठी बाकीचे कोरड्या नळीत उणे 80 अंशांवर. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं, तर जिनोमच्या, म्हणजे विषाणूच्या पूर्ण जनुकीय मजकुराच्या, चिंध्या हाती येतात.

जिवंत पक्ष्याचं रक्त वजनाच्या 1 टक्क्यापर्यंतच. 35 ग्रॅमच्या बजरीगरचं 0.35 मिलि. रक्त गोठू न देणारी नळी ईडीटीएची घ्या, हेपरिनची नको; ते पीसीआर (जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) अडवतं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे अख्खं रक्त सीक्वेन्सिंगला (जनुकीय अक्षरं वाचायला) दिलं की पैसे पक्ष्याचाच डीएनए वाचण्यात जातात. प्लाझ्मा (पेशी काढलेला रक्तातला द्रव) वेगळा करून द्या.

नमुन्याशिवायची एक कोरी नळी पहिल्या पायरीपासून सोबत चालवा. कंटाळवाणं काम आहे, पण 2013 मध्ये रुग्णांत सापडलेला एक 'नवा' विषाणू प्रत्यक्षात डीएनए-आरएनए वेगळा करायच्या किटमधल्या सिलिकाच्या गाळणीतून आलेला निघाला!

पीसीआरचा 300 अक्षरांचा तुकडा माहीत असलेल्या विषाणूंशी जुळला नाही म्हणून बारसं उरकू नका. चोच-पिसांचा रोग करणाऱ्या सर्कोव्हायरसचा जिनोम जेमतेम 2000 अक्षरांचा, तोही गोल. मिळालेल्या तुकड्यावरून पाठीला पाठ लावलेले प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे तुकडे) बनवून वर्तुळ पुरं करा. या कुळात अख्ख्या जिनोमचं साम्य 80 टक्क्यांखाली असेल, तरच नवी प्रजाती म्हणतात.

आणि सापडला म्हणजे त्यानेच मारलं, असंही नाही. पोपटांचं जठर फुगवणाऱ्या पीडीडी या रोगामागचा बोर्नाव्हायरस 2008 मध्ये कळला. तो ठणठणीत पोपटांतही मिळतो. फॉर्मॅलिनमधले तुकडे इथे कामाला येतात: विषाणू नेमका बिघडलेल्या पेशींतच बसलाय का, ते इन सिटू हायब्रिडायझेशनने (विषाणूचा जनुकीय मजकूर पेशीत जागच्या जागी दाखवणारी चाचणी) बघा.