जमिनीचा नकाशा काढताना या चुका टाळा

गोव्यात डिचोली, सत्तरी किंवा पेडण्याकडे दोन-चार हजार चौरस मीटर जमीन घेऊन पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेली टिकाऊ शेती, करू पाहणारे हल्ली पुष्कळ भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी खरेदीखताच्या दुसऱ्याच महिन्यात नकाशा रंगवलेला असतो. घर इथे, तळी तिथे, फळझाडे वर, भाजी खाली. नकाशा सुबक असतो, पण तो कोरड्या दिवसांत काढलेला असल्यामुळे पाण्याच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच चुकलेला असतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सत्तरीतल्या एका उतारावर फेब्रुवारीत काम सुरू केले, तेव्हा मालकाला घाई होती आणि मला त्याला थांबवण्याचे धैर्य नव्हते. मोबाइलवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या, त्यांपैकी एका रेषेवर चाळीस मीटर लांबीचा समपातळी चर खणला आणि खालच्या अंगाला पोफळीची रोपे लावली. मृगात सगळे ठीक होते. आर्द्रा लागल्यावर वरच्या सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावरचे, पाणी गुरांच्या वाटेने खाली उतरले, चर एका रात्रीत भरला आणि ज्या खळग्यात मला फेब्रुवारीत वाळलेल्या पानांशिवाय काही दिसले नव्हते, नेमका तिथेच त्याचा बांध फुटला. रोपे गेली, आणि सगळी तांबडी माती शेजारच्या शेतात जाऊन बसली. शेजारची वृद्ध बाई रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "भाई, त्या खळग्यातून पावसात व्हाळच वाहतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं." व्हाळ म्हणजे ओढा.

तेव्हापासून पहिला पावसाळा संपेपर्यंत मी कोणालाही चर खणू देत नाही. सर्व्हे प्लॅनच्या चार प्रती घेऊन आर्द्रा आणि पुनर्वसू नक्षत्रांत, भर पावसात छत्री धरून जमीन फिरावी, पाणी कुठून आत येते, कुठे साचते आणि कुठून बाहेर जाते ते पेन्सिलीने नोंदवावे. उरलेले शेजाऱ्यांना विचारावे. ज्या मुलखात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, तिथे कमी पावसाच्या प्रदेशातला पाणी अडवण्याचा चर जसाच्या तसा उचलून आणणे धोक्याचे आहे. मी चराला शंभर मीटरला साधारण अर्धा मीटर उतार देतो आणि शेवटी चिरे बसवून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, ठेवतो. आपल्या जुन्या कुळागरांतले, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांतले, पाट पाहिले, तर पाणी अडवण्याइतकीच ते वळवण्याची काळजी तिथे घेतलेली दिसते.

मोबाइलवरच्या समोच्च रेषांबद्दलही सांगायला हवे. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीतला एक चौकोन सहसा तीस मीटर गुणिले तीस मीटर, म्हणजे नऊशे चौरस मीटरचा असतो. दोन हजार चौरस मीटरच्या जागेला असे दोन-तीन चौकोन मिळतात. मधल्या रेषा हा संगणकाचा अंदाज. त्यातही माडा-पोफळींखाली अनेकदा जमिनीऐवजी झाडांच्या माथ्याची उंची नोंदली जाते. गवंड्याची पाणसळ, म्हणजे पंधरा मीटर पारदर्शक नळी आणि दोन माणसे, एवढ्यावर काम होते; नळीत बुडबुडा राहू देऊ नका. ड्रोनवाल्यांना मी काही सांगत नाही, त्यांना पोफळींच्या शेंड्यांचे सुंदर छायाचित्र मिळते.

दुसरी चूक सूर्याची. पर्माकल्चरची मांडणी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी केली, आणि तिथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. तिथल्या आकृत्या पाहून भाजीची उत्तर बाजू मोकळी ठेवणारे आणि दक्षिणेला फणस लावणारे मी पाहिले आहेत. गोवा साधारण साडेपंधरा उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून एक्कावन्न अंशांवर असतो आणि दहा मीटर उंच झाडाची सावली उत्तरेला आठ मीटर पडते. लाल भाजी, मुळा, अळसांदे यांचा हंगाम नेमका तोच. उलट मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, आणि एप्रिल-मेचा खरा ताप पश्चिमेच्या उन्हाचा असतो. म्हणून मोठी झाडे पश्चिमेला लावावीत आणि भाजीची दक्षिण बाजू मोकळी ठेवावी. पटत नसेल तर २१ डिसेंबरला एक मीटरची काठी रोवून दुपारची सावली मोजा. ती ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास भरेल.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजलेले अंतर सर्व्हे प्लॅनशी जुळत नाही, कारण प्लॅनवरचे अंतर आडवे असते; टेप टप्प्याटप्प्याने आडवी धरावी. घराभोवती कंपासने वर्तुळे काढून विभाग (रोज लागणारे जवळ, क्वचित लागणारे दूर) पाडू नयेत. रोज जिथून जाणे-येणे होते त्या वाटेवरून विभाग ठरतात. शेजाऱ्यांची जुनी पायवाट आणि गव्यांची वाट नकाशावर दाखवाच. गव्यांची वाट गडग्याने, म्हणजे दगडी कुंपणाने, अडवता येत नाही. मातीचा नमुना एकाच जागचा घेऊ नये, कारण दहा पावलांवर जांभा वर आलेला असू शकतो. आणि विहीर असेल तर कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मेच्या शेवटच्या आठवड्यात गाठी मारलेल्या सुंभाने मोजून नकाशावर लिहा. मी ते तारखेसह तांबड्या शाईने लिहितो.