बाळाचं इसब आणि मॉइश्चरायझर : या चुका टाळा

बाळाच्या गालावर लाल, खरखरीत चट्टे उठले की घरात पहिलं वाक्य ठरलेलं: "नीट आंघोळ घालत नाही म्हणून." मग साबण वाढतो, डाळीच्या पिठानं घासणं सुरू होतं, पाण्यात जंतुनाशकाचे थेंब पडतात. इसब आणखी चिडतं. बोल मात्र आईला लागतो, आणि तिची चूक काहीच नसते.

इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जिवाणू मोठ्या संख्येनं सापडतात, हे खरं. पण ते अस्वच्छतेमुळे आलेले नसतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (pH) 5 च्या आसपास. तिथे राहणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिससारखे निरुपद्रवी जिवाणू ऑरियसला सहसा माजू देत नाहीत. इसबात त्वचेचं कुंपणच कच्चं असतं. काही मुलांत हे कुंपण घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन हे प्रथिन जन्मतःच कमी बनतं. त्याच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी असलेला संबंध 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवला. कुंपणातून पाणी उडून जातं, ऑरियस बस्तान बसवतो, दाह वाढतो, मूल खाजवतं, कुंपण आणखी फाटतं. साध्या साबणाचा सामू 9-10, म्हणजे आम्लाच्या उलट असतो; त्यामुळे घासून घासून आपण ऑरियसचीच सोय करतो.

मॉइश्चरायझर हे कुंपण लिंपतं. म्हणून ते औषध आहे, आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते चिमूटभर लावणं. उपचारांचे नियम ठरवणारी ब्रिटनची 'नाइस' ही संस्था इसबाच्या मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम सांगते. आपल्याकडे 100 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवली जाते आणि वर "काही फरक पडला नाही" म्हणतात! महागडं, सुवासिक घेऊन जपून वापरण्यापेक्षा साधं, बिनवासाचं घ्या आणि सढळ हातानं लावा. चट्टे गेले तरी रोज, निदान दोन वेळा.

आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांची. टॉवेलनं टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. लवेच्या दिशेनं हात फिरवा. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. डबीत बोटं बुडवू नका, जिवाणू आत जातात. स्वच्छ चमच्यानं काढा.

कौतुकानं आणलेलं ऑलिव्ह तेल इसबाला नको. त्यातलं ओलेइक आम्ल कुंपण सैल करतं. खोबरेल त्यातल्या त्यात बरं. शेक-शेगडी आणि धुरी मात्र बंद करा. धूर त्वचेला झोंबतो, शिवाय पॅराफिनचं मलम मुरलेले कपडे झटकन पेट घेतात. समई-निरांजनाजवळही जपा.

आता औषधांचं. इसबाला गजकर्ण समजून दुकानातून आणलेली 'थ्री-इन-वन' (तीन औषधं एकत्र असलेली) ट्यूब बाळाला लावू नका; अशा ट्यूबमध्ये बहुतेकदा कडक स्टेरॉइड असतं. उलट डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड भीतीनं टाळणंही चूकच. नुसतं मॉइश्चरायझर भडकलेल्या चट्ट्यांना पुरत नाही; स्टेरॉइडनं दाह शमला की ऑरियसही ओसरतो. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली स्टेरॉइडची पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर यांत अर्धा तास जाऊ द्या.

त्वचेच्या तपासणीत ऑरियस आला, एवढ्यावरून अँटिबायोटिक मागू नका. इसबाच्या बहुतेक मुलांत तो सापडतोच. चट्ट्यांतून पाणी झिरपलं, मधासारखी पिवळी खपली धरली, भोवती लाली पसरून ताप आला, तर मात्र डॉक्टरांकडे न्या. आणि एकसारखे, टोचून काढल्यासारखे बारीक खोल फोड अचानक उठले, ते दुखतात, मूल मलूल पडलंय, तर ती नागिणीच्या जातीच्या विषाणूची लागण असू शकते. सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.