लहान घरातील साठवण: माळा, दिवाण आणि मांडणी

मुंबईतील वन रूम किचनमध्ये नवे कपाट घेण्यापूर्वी माळा पूर्ण रिकामा करावा, कारण वर्षानुवर्षे तेथे चढवून ठेवलेली रिकामी खोकी, बंद पडलेला मिक्सर आणि तळ गेलेली पातेली यांनीच बहुतेक वेळा जागा अडवलेली असते. तांब्या-पितळेची भांडी मोडीत द्यावीत, रद्दी वजनावर विकावी आणि बंद उपकरणे ई-कचरा संकलनाकडेच सोपवावीत.

उरलेल्या वस्तूंची जागा त्या किती वेळा लागतात यावरून ठरवावी. गणपतीचे मखर आणि आकाशकंदील माळ्यावर, पाहुण्यांची अंथरुणे दिवाणात आणि रोजचे डबे कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंतच्या मांडणीवर ठेवावेत.

दिवाण निवडताना घाई करू नये. पुढे ओढायचे खण सोयीचे असले, तरी ते पूर्ण उघडण्यासाठी समोर सुमारे 2 फूट मोकळी जमीन लागते. तेवढी नसेल तर वर उचलण्याची फळी असलेला दिवाणच घ्यावा, मात्र त्यात रोज लागणारे काहीही ठेवू नये, कारण प्रत्येक वेळी गादी हलवण्याचा कंटाळा येऊन वस्तू पुन्हा बाहेरच साचू लागतात.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून कपाट 2 ते 3 इंच पुढे ओढावे, म्हणजे मागे हवा खेळती राहते. गोधड्या मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवून, त्यांची ऊब निवल्यावर, सुती चादरीत बांधून ठेवाव्यात.